फोटोत लांब झालेला हात

भित्रा माणूस कबड्डीच्या मैदानावर काय करतो, असं कोणी विचारलं तर माझ्याजवळ एक उत्तर तयार असायचं: फोटो काढतो. खेळणाऱ्याचे गुडघे फुटतात, पंचाला शिव्या बसतात, पण फोटोवाल्याच्या अंगाला कोणी हात लावत नाही, असं मी धरून चाललो होतो. काय अक्कल होती माझी तेव्हा, विचारू नका.

आणि मी साधासुधा भित्रा नव्हतो. आमच्या घरी कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, विणकाम. मोहाडीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत माग जमिनीत बसवलेला. विणणाऱ्यानं खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि खालचे पावडे दाबायचे. मी पाच-सहा वर्षांचा असताना त्या खड्ड्यात एकदा सापाची कात निघाली. साप नाही, नुसती कात. त्यानंतर दहा वर्षांचा होईपर्यंत मी त्या खड्ड्यात पाय टाकला नाही. आई म्हणायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. शेजारच्या काकू म्हणायच्या, "याच्यासाठी बायको हिंमतवाली पाहा बाई, नाहीतर अंधारात याले बाहेर कोण नेईन?" सगळे हसायचे, मीही हसायचो. पण हसल्यानं भीती जात नाही. मी मोठा झालो तशी तीही माझ्यासोबत मोठी झाली. गर्दी, भांडण, चढलेला आवाज, यातलं काहीही कानावर आलं की माझी पावलं मागे वळायची. अजूनही वळतात.

बाबा अगदी उलटे. दिवसभर मागावर बसायचे, आणि दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरायला लागली की कबड्डीचे पंच म्हणून जायचे. आमच्याकडे मंडई म्हणजे गावाची जत्रा: दिवसा दुकानं, संध्याकाळी कबड्डी, रात्री नाटक. पंच गावातला चालत नाही, बाहेरचाच लागतो, आणि त्याला घरी येऊन नारळ देऊन बोलवायचं, अशी रीत. मोसमात आमच्या घरी दहा-बारा नारळ यायचे. भंडारा-गोंदिया मिळून जिल्हा एक होता तेव्हा बाबा पार तिरोडा, गोंदियापर्यंत जायचे. मग गोंदिया वेगळा झाला, तिकडचे सामने तिकडच्या पंचांकडे गेले, आणि बाबांच्या वाट्याला इकडचीच गावं उरली. त्याचं त्यांना वाईट वाटायचं, पण बोलून दाखवायचे नाहीत. उरलेल्या गावांत मात्र त्यांचा शब्द चालायचा. "सुतावरचा डोळा आहे त्यांचा, चुकत नाही," असं लोक म्हणायचे. खरंच होतं ते. कोशाचा धागा केसाहून बारीक. तो तुटला तर बाबांना मान न वाकवता दिसायचा. त्या डोळ्यांवर त्यांचं विणकाम होतं आणि त्या डोळ्यांवरच त्यांची शिट्टी होती.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. एका कापडाच्या दुकानात बसायचो. पुण्याच्या चुलतभावानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला देऊन टाकला. चांदीच्या रंगाचा, मुठीत मावणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा डिजिटल कॅमेरा. गावात तशा कॅमेऱ्याचं तेव्हा अप्रूप होतं, कारण काढलेला फोटो तिथल्या तिथे मागच्या काचेवर दिसायचा. दिवसा तो कॅमेरा सोन्यासारखा वागायचा. अंधार पडला की त्याचं डोकं फिरायचं.

मोहाडीत शाळेच्या मैदानावर एका हॅलोजनखाली पोरं व्हॉलीबॉल खेळायची. मी तीन आठवडे रोज संध्याकाळी तिथे जाऊन शिकलो. पहिल्या दिवशी फ्लॅश मारला तर समोरची धूळ पांढरीफेक आणि खेळणारे काळे ठिक्कर; त्या बारक्या फ्लॅशचा उजेड आठ-दहा फुटांच्या पुढे जात नाही, हे मला कोण सांगणार? फ्लॅश बंद केला तर माणसांचा नुसता धूर. मग इंग्रजी पुस्तिका घेऊन बसलो, एकेक शब्द शब्दकोशात पाहत. पळणाऱ्या माणसाचं चिन्ह असतं त्यावर चकती फिरवायची, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, चारशेवर न्यायची, फोटोत दाणे आले तर येऊ द्यायचे. दिवा आपल्या पाठीशी ठेवायचा. कोपर खांबाला टेकवायचं. बटण अर्धं दाबून धरायचं आणि खेळाडू जिथे घटकाभर थांबतो, उडीच्या टोकाला, तिथे पूर्ण दाबायचं. एवढं केल्यावर तोंडं ओळखू यायला लागली. पण हात काही केल्या सापडायचे नाहीत. उजेड कमी असला की कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि तेवढ्या वेळात हात जिथून जिथपर्यंत हालतो ती सगळी वाट फोटोत हात होऊन बसते. एका फोटोत एका पोराचा हात जाळीच्या पलीकडे वीतभर गेलेला दिसत होता. मी जाळीच्या खांबालाच टेकून उभा होतो. चेंडू मारून त्यानं हात झटकला होता, तो जाळीच्या वरून पलीकडे गेला नव्हता, बाजूनं खाली आला होता; पण फोटोत जवळचं-लांबचं एकात एक मिसळतं, म्हणून तो पलीकडे दिसला. पोरं माझी थट्टा करायची, "तुझ्या फोटोत आम्ही सारे लंबे होऊन राहिलो न बे." म्हणजे हे मला माहीत होतं. पुढचं सांगायच्या आधी एवढं लक्षात असू द्या: मला हे माहीत होतं.

त्या वर्षी करडीच्या पुढच्या एका गावातून बाबांना नारळ आला. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत तिथे, आणि माणसं वाईट नाहीत. दोघं जण आले होते. त्यातल्या एकानं माझ्या हातातला कॅमेरा पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्हीही या. फायनलचे फोटो काढा, ग्रामपंचायतीत लावू." बाबा म्हणाले, "चल. घरात बसून भिंतीचे फोटो काढण्यापेक्षा बरं." आणि निघताना एवढंच बजावलं, "तो लखलखाट मारू नको. पोराइच्या डोळ्यात जाते."

मैदान धान कापलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, केलं होतं. धसकटं काढून, पाणी मारून, चोपून, वर फक्कीच्या पांढऱ्या रेषा. चार बांबूंवर चार हॅलोजन, एका कोपऱ्यात जनरेटर घरघरत होता. त्याचा आवाज कमीजास्त झाला की दिवेही कमीजास्त व्हायचे. भोवती माणसंच माणसं. बांबूला दोर बांधून त्यांना मागं ठेवलं होतं, पण तो दोर म्हणजे नावालाच. मी बाबांपासून लांब, समोरच्या बाजूला, गावच्या संघाची माणसं उभी होती तिथल्या बांबूला कोपर टेकवून उभा राहिलो. तिथून दिवा पाठीशी येत होता म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं, हे मी आजवर स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं आहे.

फायनल गावचा संघ आणि लाखनीकडून आलेला संघ यांच्यात होती. गावचा मुख्य रेडर तलावात मासे धरणाऱ्या घरचा होता. जाळं फेकून फेकून त्याचे हात चांगलेच लांब आणि तयार झाले होते. तो चढाईला निघाला की सगळं गाव एकदम गप्प व्हायचं आणि परत आला की एकदम ओरडायचं. त्या ओरडण्यानं दर वेळी माझा कॅमेरा हलायचा. मी जवळपास साठ फोटो काढले. त्यातले पाच-सहा बरे असतील.

शेवटच्या मिनिटाला लाखनीचा संघ एका गुणानं पुढे होता. गावच्या त्याच रेडरची शेवटची चढाई. त्यानं एकाला हात लावला आणि वळला, तेवढ्यात दुसऱ्यानं त्याचा पाय धरला आणि तिघं त्याच्यावर पडले. कबड्डीत असं धरलेल्या माणसाचं बोट जरी मधल्या रेषेला लागलं तरी तो सुटला, धरणारे सगळे बाद. नाही लागलं तर तो बाद. तो मातीत पोटावर पडलेला, दम अजून चालू, आणि उजवा हात उचलून उचलून रेषेकडे फेकत होता. बाबा रेषेजवळ उकिडवे बसून पाहत होते. मी बटण दाबलं. मग बाबांची लांब शिट्टी आली आणि त्यांनी हात वर केला. बाद.

मग जे सुरू झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण त्यातला बराचसा वेळ मी डोळे मिटून घेतले होते. दोर कधीच खाली गेला होता. माणसं मैदानात शिरली. "लागला होता, हात लागला होता," असं चारी बाजूंनी चाललं होतं. "पंच लाखनीवाल्याइचा आहे," असं कोणीतरी म्हणालं. आदल्या वर्षी दुसऱ्या एका मंडईत अशाच भांडणात एका पंचाचं डोकं फुटलं होतं. बाबा मध्ये उभे होते, एकटे, शिट्टी छातीवर लोंबत होती. ते एवढंच म्हणत होते, "चार बोटं कमी होता. मी पाहिलं."

तेवढ्यात माझ्या शेजारच्या माणसाला माझी आठवण झाली. "याच्याजवळ फोटो आहे!"

माझ्या हातातला कॅमेरा मी लपवला असता तर बरं झालं असतं. पण मी तो तसाच हातात धरून उभा राहिलो. त्यांनीच माझ्याकडून फोटो दाखवून घेतला, म्हणजे माझ्याच बोटानं बटण दाबायला लावलं. काचेवर तो शेवटचा फोटो आला. त्या रात्रीचा सगळ्यात चांगला फोटो होता तो. रेडरला तिघांनी दाबून धरल्यामुळे त्याची पाठ, मान, दातात आलेली माती, सगळं स्वच्छ. फक्त हात हलत होता. आणि तो हात फोटोत लांबच लांब झाला होता, पांढुरका, पंजाचा पुढे नुसता ओघळ, आणि तो ओघळ रेषेवरून पलीकडे गेला होता.

"पाह्य, पाह्य. रेषेच्या पार गेला हात."

कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवलेला होता, म्हणून ते कॅमेऱ्यासोबत मलाही ओढत होते. डोकी माझ्या खांद्यावर, कानाजवळ. तंबाखूचा वास. कोणाचा तरी तळहात माझ्या मानेवर होता. मारायला नव्हता, नुसता ठेवलेला होता, पण मला त्याचं वजन अजून आठवतं. "माणसाले पाह्याले चूक होईन," एक जण म्हणाला, "मशीनले कायले होईन?" यावर सगळे हव हव म्हणत माना डोलवायला लागले. ज्यांनी स्वतः काही पाहिलं नव्हतं त्यांनाही आता दिसायला लागलं होतं.

बाबा आले. लोकांनी वाट दिली. त्यांनी त्या दोन बोटांएवढ्या काचेत पाहिलं, पुष्कळ वेळ. त्यांना कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं. मी पेन्सिल सेल बदलतो एवढंच त्यांना माहीत. त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, लोकांना नाही, मला, "तू सांग. लागला काय?"

मला खरं काय ते माहीत होतं. या फोटोवरून काहीच सांगता येत नाही, हात हलला की फोटोत लांब होतो, हवेतला हात फोटोत जमिनीला टेकल्यासारखा दिसतो, एवढी तीन वाक्यं. शाळेच्या मैदानावरची पोरंसुद्धा सांगतील. तोंडात आली होती ती वाक्यं. मानेवरचा हात हलला, किंवा मला तसं वाटलं, आणि मी म्हणालो, "हव."

बाबा माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, तोच होता फक्त, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही. ते वळले, शिट्टी वाजवली, धरणारे सगळे बाद दिले. गाव जिंकलं. आरडाओरड, गुलाल, ढोल. रेडरला खांद्यावर घेतलं. वर बसलेला तो एकटाच हसत नव्हता, हे मी पाहिलं. त्यालाही माहीत होतं. लाखनीचा संघ सामान गोळा करायला लागला. बाबांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि मंडळाच्या अध्यक्षाच्या हातात दिली. म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली. माफी असावी." ज्यांनी पाच मिनिटांपूर्वी त्यांना शिव्या दिल्या होत्या तेच आता "असं नका करू काका, होते कधी कधी" म्हणत होते. त्यांना चहा पाजला. मलाही पाजला. तो मी पिऊन टाकला.

मोटरसायकल मी चालवत होतो, बाबा मागे. घराजवळ आल्यावर म्हणाले, "मले तर माती दिसली होती. हात अन् रेषा, मधात माती." आणि आत गेले.

मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. बाबा विसरले नाहीत, आणि मला वाटलं त्यापेक्षा वाईट झालं. त्यांनी त्या गावाला दोष दिला नाही, मला दिला नाही, कॅमेऱ्याला तर नाहीच नाही. त्यांनी दोष स्वतःच्या डोळ्यांना दिला.

आधी मला कळलंच नाही. मागाचा आवाज मधूनच थांबायला लागला. मागच्या खोलीत डोकावून पाहिलं तर बाबा काठाचे धागे बोटानं मोजत होते. मोजून झाले की पुन्हा पहिल्यापासून. जो माणूस गप्पा मारत मारत काठ विणायचा तो आता आईला हाक मारायचा, "इकडे ये न जरा. हा धागा सरळ आहे काय पाह्य." आई यायची, पाहायची, सरळच असायचा. आई मला म्हणाली, "तुझे बाबा काहून असे करून राहिले? जेवणही कमी झालं." मी म्हणालो, "वय झालं." वय! अठ्ठावन्न वर्षांचे होते. असं बोलताना जीभ कशी झडली नाही माझी.

अजून दोन गावांतून नारळ आले. बाबांनी दोन्ही परत केले. तिसऱ्यांदा कोणी आलं नाही. भंडाऱ्याला जाऊन डोळे तपासून आले; मीच घेऊन गेलो. डॉक्टरनं अक्षरं वाचायला लावली, दिवा मारून पाहिलं, आणि म्हणाला, "काका, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत." मला वाटलं, सुटलो. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "पोरगा आहे तो. त्याले काय समजते? भिंतीवरचं अक्षर थोडीच हालते. मले हालतं दिसत नाही आता." बसस्टँडवर पाय ओढत गेले आणि बसमध्ये खिडकीशी बसून पूर्ण वाटभर बाहेरची हलती झाडं पाहत राहिले. डोळ्यांची परीक्षा घेत होते स्वतःच. मी शेजारी बसलो होतो. बोललो का? नाही बोललो.

तुम्ही म्हणाल, आता कशाची भीती? गर्दी गेली, रात्र गेली, गाव दहा-बारा कोसांवर राहिलं. घरातल्या घरात, बापापुढे बोलायला कसली भीती? तीच तर मोठी होती. त्या लोकांनी मारलं असतं तर चार दिवस दुखलं असतं. बाबांना कळलं तर ते माझ्याकडे ज्या नजरेनं पाहतील ती नजर मला रोज दिसायची, जेवताना, दुकानात गिऱ्हाइकापुढे थान उलगडताना. त्या नजरेला मी भीत होतो. म्हणून एकेक दिवस ढकलत राहिलो, आणि तिकडे ते एकेक धागा दोनदा मोजत राहिले.

मग एक दिवस दुपारी जेवायला घरी आलो तर दारात व्यापारी उभा होता. वर्षानुवर्षं तोच आमच्याकडून काठाच्या साड्या न्यायचा. बाबा त्याला सांगत होते, "आता काठाचं नको देऊ. साधं थान विणीन, जेवढं जमते तेवढं. काठात चूक झाली तर तुझं नाव खराब होईन." व्यापारी थट्टा समजून हसला. बाबा हसले नाहीत. तो गेल्यावर ते मागच्या खोलीत गेले आणि खड्ड्यात पाय सोडून नुसते बसले. माग चालू केला नाही.

काठ हा त्यांचा जीव होता. साधं थान कोणीही विणतं. मी ताटावरून उठलो. आई म्हणाली, "अरे, वाढलं आहे." मी कॅमेरा घेऊन मागच्या खोलीत गेलो.

त्या खोलीत दुपारीही अंधार असतो, एक बल्ब लावावा लागतो. मी म्हणालो, "बाबा, धोटा फेका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काहून?" "फेका तर." त्यांनी दोरी ओढली, धोटा या टोकाहून त्या टोकाला गेला, मी बटण दाबलं. काच त्यांच्यापुढे धरली. वीतभराचा धोटा फोटोत हातभर लांब झाला होता, दोन्ही टोकांना फिका, ओघळासारखा. ताणलेले धागे मात्र एकेक मोजता येतील इतके स्वच्छ.

बाबांनी फोटो पाहिला, मग धोटा हातात घेऊन पाहिला, मग पुन्हा फोटो. माणूस विणकर आहे, त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. तरी मी सांगितलं. उजेड कमी असला की काय होतं, हलती वस्तू कशी लांबते, त्या पोराचा हवेत उचललेला हात लांबून रेषेवर टेकल्यासारखा कसा दिसला असेल. "तुमचं बरोबर होतं," मी म्हणालो. "मधात माती होती."

चेहरा सैल झाला त्यांचा. डोळे मिटले, उघडले, समोरच्या काठाकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा न मोजता नुसतं पाहिलं. मला वाटलं, झालं, एवढ्यावर निभावलं. मग त्यांनी विचारलं, "हे तुले आता समजलं का तेव्हाच माहीत होतं?"

खोटं बोलायला अजून एक जागा होती. "आता समजलं" म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. मी म्हणालो, "तेव्हाच माहीत होतं."

"मग हव काहून म्हटलं?"

"भेलो."

"कोणाले?"

आणि इथे मी जे बोललो ते मी स्वतःशी महिनाभर घोकलं होतं. ते खोटं नव्हतं असं मला खरंच वाटत होतं. मी म्हणालो, "तुमच्यासाठी भेलो, बाबा. लोक तुम्हाले मारतीन असं वाटलं. तुम्ही एकटे होते तिथं मधात."

बाबांनी धोटा जागेवर ठेवला. आवाज चढवला नाही. विणताना गप्पा मारायचे तशाच आवाजात म्हणाले, "माझ्यासाठी भेला असता, तर माझ्याजवळ येऊन उभा राहिला असता."

मग त्यांनी पावड्यावर पाय ठेवला आणि माग सुरू केला. आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली, अन्न थंड होऊन राहिलं म्हणून. मी कॅमेरा हातात घेऊन तिथेच उभा होतो. काठ भराभर पुढे सरकत होता आणि त्यांनी एकदाही मान वळवून माझ्याकडे पाहिलं नाही.